उसना पत्ता

नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४४०००१ आहे. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन अंक टपालाचा विभाग सांगतात, तर शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. संगणकांच्या जाळ्यातील आयपी पत्ताही असाच दुभागलेला असतो. त्याचा पहिला भाग जाळ्याचा, दुसरा त्यातील एका यंत्राचा. मात्र कार्यालयाचा पिनकोड सहसा बदलत नाही. यंत्राचा पत्ता बहुधा उसना असतो.

ही उसनवारी १९९३ साली प्रथम मांडल्या गेलेल्या ‘डीएचसीपी’ या नियमपद्धतीने चालते. विद्यार्थ्याने मोबाइल वाय-फायला जोडला, की तो जाळ्यात पुकारा करतो, ‘पत्ता कोण देईल?’ राउटर आपल्या साठ्यातील एक रिकामा पत्ता देऊ करतो. मोबाइल त्याच पत्त्याची रीतसर मागणी करतो. राउटर ती मान्य करून मुदत ठरवून देतो. निम्मी मुदत सरली की मोबाइल ती वाढवून मागतो. मुदतवाढ न घेतल्यास मुदतीअंती तो पत्ता दुसऱ्या यंत्रास देता येतो.

लहान जाळ्याच्या नेहमीच्या रचनेत असे २५४ पत्ते असतात. त्यांपैकी एक राउटरचा. समजा, स्नेहसंमेलनास आलेल्या तीनशे पालकांचे मोबाइल त्याच जाळ्याला जोडले गेले आणि मुदत चोवीस तासांची आहे. मग पाहुणे परतले तरी पत्ते अडकूनच राहतात, आणि त्याच सायंकाळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू पाहणाऱ्या विद्यार्थिनीच्या संगणकाला पत्ता मिळत नाही. उपाय सोपा आहे : पाहुण्यांसाठी वेगळे जाळे व तासाभराची मुदत ठेवावी आणि अभ्यासाच्या संगणकांसाठी पत्ते राखून ठेवावेत.

उसनेपणाचा आणखी एक अर्थ वसतिगृहाने ध्यानात ठेवावा. आज एका यंत्राकडे असलेला पत्ता उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून जाळ्यावर काही गैर घडल्याचे आढळले, तर केवळ पत्त्याचा आकडा पाहून कोणा विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. त्या दिवशी, त्या वेळी तो पत्ता कोणत्या यंत्राला दिला होता, याची राउटरमधील नोंद आधी तपासावी. तीही यंत्रच दाखवते. ते कोणाच्या हाती होते, हे विद्यार्थ्यांना विचारूनच कळते.