लघुग्रहांच्या दप्तरातील रोमन नगरे
(आकाशातील नामावळी : लेखांक सातवा)

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील विस्तीर्ण प्रदेशात १८०१ सालच्या पहिल्या दिवशी सेरेस सापडला, आणि त्यानंतर पॅलास, जूनो, व्हेस्टा अशा देवतांची नावे घेत लघुग्रहांची नामावळी कशी वाढत गेली, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. पहिली पन्नास वर्षे हा देवतांचा मक्ता अबाधित राहिला. शोध लावणाऱ्याने ग्रीक अथवा रोमन पुराणांतून एखादी देवी किंवा अप्सरा निवडावी आणि विद्वन्मंडळींनी तिला मान्यता द्यावी, अशी वहिवाटच पडून गेली होती. या वहिवाटीला पहिला छेद एखाद्या राजाने किंवा सेनापतीने दिला नाही, तो एका बंदराच्या गावाने दिला.

१९ सप्टेंबर १८५२ रोजी नेपल्स येथील आनिबाले दे गास्पारिस यांना विसावा लघुग्रह दिसला. परंतु दुसऱ्याच रात्री मार्सेय येथील झाँ शाकोर्नाक यांनी तोच स्वतंत्रपणे टिपला आणि त्यांची वार्ता आधी प्रसिद्ध झाली. साहजिकच नाव देण्याचा मान मार्सेयकडे गेला आणि त्या नगराचे, इसवी सनाच्या सुमारे सहाशे वर्षे आधी तेथे वसाहत करणाऱ्या ग्रीकांच्या काळापासूनचे, मासालिया हे नाव आकाशात दाखल झाले. दैवतकथांशी काहीएक संबंध नसलेले लघुग्रहाचे हे पहिले नाव होय. त्याआधी दोन वर्षे, जॉन हर्शेल यांच्या सूचनेवरून, दे गास्पारिस यांनी आपल्या एका लघुग्रहाला पार्थेनोपे हे नाव दिले होते. पण पार्थेनोपे ही नेपल्सची प्राचीन वसाहत असली तरी मुळात ती पुराणातली जलकन्याही असल्यामुळे नगराचा प्रवेश तेथे देवतेच्या पदराआडून झाला, असेच म्हणावे लागेल. मासालियाच्या बाबतीत असा आडपडदा राहिला नाही. पृथ्वीवर येऊन पडणाऱ्या अशनींपैकी सुमारे एक-तृतीयांश अशनींचे मूळ याच मासालियाच्या कुटुंबात असावे, असा निष्कर्ष २०२४ साली संशोधकांनी मांडला.

पुढच्याच लघुग्रहाची कथा मला या सर्वांत अधिक हृद्य वाटते. हेर्मान गोल्डश्मिट हे जन्माने जर्मन, व्यवसायाने चित्रकार आणि वास्तव्याने पॅरिसकर; प्रोकोप नावाच्या जुन्या कॅफेच्या माथ्यावरील आपल्या बिऱ्हाडाच्या सज्जात एक लहानशी दुर्बीण मांडून, कोणत्याही वेधशाळेचा आधार, वेतन किंवा हुद्दा नसताना, ते रात्रीमागून रात्री ताऱ्यांचे नकाशे पडताळीत बसत. १५ नोव्हेंबर १८५२ रोजी त्यांना एकविसावा लघुग्रह सापडला आणि पॅरिसच्या रोमन काळातील नावावरून त्याला ल्युटेशिया म्हणू लागले. पुढे त्यांच्या नावावर एकूण चौदा लघुग्रहांची नोंद झाली.

गोल्डश्मिट यांना हा लघुग्रह अखेरपर्यंत प्रकाशाचा एक बिंदू म्हणूनच दिसला. त्याचा आकार पाहण्याचे भाग्य लाभायला १० जुलै २०१० हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान सुमारे ३,१६० किलोमीटर अंतरावरून ल्युटेशियाजवळून गेले आणि सुमारे शंभर किलोमीटर व्यासाचा, विवरांनी खडबडीत झालेला एक पुरातन पाषाण मनुष्याच्या दृष्टीस पडला. आता या पृष्ठभागाचा नकाशा करायचा, तर विवरांना, चरांना आणि प्रदेशांना नावे हवीत; आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्यासाठी घालून दिलेला नियम मोठा समर्पक आहे. विवरांना रोमन साम्राज्यातील व त्यालगतच्या युरोपातील नगरांची, प्रदेशांना साम्राज्याच्या प्रांतांची, तर भेगांना आणि चरांना तेथील नद्यांची नावे द्यावीत, आणि ती इसवी सनापूर्वी ५२ ते इसवी सन ३६० या, म्हणजे पॅरिस जेव्हा ल्युटेशिया म्हणून ओळखले जात होते त्या, कालखंडातील असावीत, असा तो संकेत. परिणामी त्या एका पाषाणावर बेटिका, नॉरिकम, पॅनोनिया हे सुभे आहेत आणि कोर्डुबा, पटाव्हियम यांसारखी नगरे आहेत. सर्वांत मोठे, सत्तावन्न किलोमीटर रुंदीचे विवर मासिलियाचे, म्हणजे पुन्हा मार्सेयचेच, आहे. आणि एका प्रदेशाला रोमशी काडीमात्र संबंध नसलेल्या, सज्जात बसणाऱ्या त्या चित्रकाराचे नाव दिले आहे. नियमाला केलेला हा अपवाद नियमाइतकाच योग्य आहे.

नगरनामांची ही परंपरा मग पसरत गेली. नीम येथे १८५८ साली, बेंजामिन व्हाल्झ यांच्या घरगुती वेधशाळेतून, नेमॉसा सापडला. तुलूझच्या पेरोतँ यांनी १८७४ साली टोलोसा शोधला. पोला बंदरातील नाविक वेधशाळेत काम करणाऱ्या योहान पालिसा यांनी पुढच्याच वर्षी पोलानाची भर घातली. रोमचे स्वतःचे नाव मात्र १९०१ पर्यंत थांबले, आणि ते लुइजी कार्नेरा यांनी जर्मनीतील हायडेलबर्गमधून दिले. १९१० साली तेरामो गावच्या चेरुल्ली यांनी आपल्या गावाचे इंटरॅम्निया हे लॅटिन नाव ज्या लघुग्रहाला दिले, तो आकाराने पट्ट्यातील पाचव्या क्रमांकाचा ठरला. नगर लहान असले म्हणून पाषाणही लहानच वाट्याला येतो, असे नाही. आणि व्हेसुव्हियसच्या राखेत पॉम्पेई गडप झाले त्याला अठराशे वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, म्हणजे १८७९ साली, अमेरिकेतील क्लिंटन येथे पीटर्स यांना सापडलेल्या लघुग्रहाचे नाव पॉम्पेया पडले. या पॉम्पेयाचा वर्ण इतर शेजाऱ्यांपेक्षा विलक्षण तांबडा असून तो नेपच्यूनच्याही पलीकडे जन्मून आत ढकलला गेला असावा, असा तर्क २०२१ साली मांडण्यात आला.

ही नावे रोमच्या वैभवाने आकाशात नेली, असा समज सहज होतो. मला तो यथार्थ वाटत नाही. मार्सेय, नीम, तुलूझ, तेरामो येथील ज्योतिर्विद आपापल्या गावाला जीव लावणारी माणसे होती, आणि अभिजात नावांचाच आग्रह धरणाऱ्या त्या काळात गावाचे प्राचीन नाव हाच त्यांच्या हाती असलेला परवाना होता. असा परवाना आपल्या मुलुखाजवळही होता, पण तो वापरणारा कोणी झाला नाही. मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी शोधलेल्या लघुग्रहाला आशिया हे नाव मिळाले. पुढे तेथूनच त्यांना आणखी चार सापडले. परंतु त्यांपैकी एकाच्याही वाट्याला कांची किंवा मदुरा आली नाही.

आता अशाच प्राचीन नगरनामांसाठी आपल्या वर्धा जिल्ह्याकडे वळतो. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी लागणारे पवनार, विनोबांच्या आश्रमामुळे सर्वांना परिचित असलेले, हेच वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटांच्या आधारे प्रतिपादन केले. काही अभ्यासकांचा कौल मनसरच्या बाजूने आहे. तथापि १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे केलेल्या उत्खननाने पवनारचे प्राचीनत्व तरी निर्विवाद ठरले. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की कौंडिण्यपूर, रुक्मिणीचे कुंडिनपूर. ल्युटेशियावरील नगरे ज्या काळातील आहेत, त्या काळाच्या पूर्वार्धात विदर्भात सातवाहनांची आणि अखेरीस वाकाटकांची सत्ता होती. तेव्हा ही नावे त्या नावांच्या पंक्तीला बसण्यास कोणत्याही अर्थाने उणी नाहीत.

कायद्याची अडचणही नाही. लघुग्रहाची कक्षा निश्चित होऊन त्याला कायमचा क्रमांक मिळाला की नाव सुचविण्याचा हक्क दहा वर्षांपर्यंत शोधकाकडे राहतो. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत, उच्चारण्याजोगे आणि आधीच्या नावांहून वेगळे असावे लागते. राजकीय आणि लष्करी व्यक्तींसाठी मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबण्याची अट आहे, नगरांसाठी नाही. प्रवरपूर रोमन लिपीत या मर्यादेत सहज बसते. राहता राहिला शोध. आंतरराष्ट्रीय खगोलीय शोध सहयोग ही संस्था हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणींनी घेतलेली छायाचित्रे जगभरच्या शाळांना विनामूल्य पुरवते. संगणकावर ती एकापाठोपाठ एक पाहून स्थिर ताऱ्यांमधून सरकणारा ठिपका ओळखायचा, त्याची मोजमापे पाठवायची, आणि मग कक्षा पक्की होईपर्यंत काही वर्षे धीर धरायचा, असा हा क्रम आहे. भारतातील विद्यार्थी २०१० पासून या मोहिमांत भाग घेत आले आहेत. वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील विज्ञानशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या मोहिमेसाठी आपल्या शाळेच्या एका तुकडीचा अर्ज त्यांनी अवश्य धाडावा.