माणिकडोह : पिंजऱ्यापलीकडचं काम

21 मार्च 2022च्या पहाटे चाकणच्या मर्सिडीज बेंझ कारखान्यात बिबट्या दिसला. कामगारांना बाहेर काढण्यात आलं, काही तास काम थांबलं आणि वन विभागाच्या जोडीला माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचं बचाव पथक आलं. शेडमध्ये दडलेल्या त्या तरण्या नराला सुरक्षित अंतरावरून भुलीचं इंजेक्शन मारून पिंजऱ्यात घेतलं. पिंजरा जुन्नरच्या दिशेने निघाला आणि कारखाना पुन्हा सुरू झाला.

पुण्याजवळच्या वाकडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असं गेलं की जुन्नर येतं. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पहिला टप्पा सगळा कारखाने, गोदामं आणि कंटेनरचा. राजगुरुनगर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. जुन्नरच्या पुढे शिवनेरीला वळसा घालून माणिकडोह धरणाकडे जाताना हे केंद्र लागतं. महाराष्ट्र वन विभागाचं हे केंद्र वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था 2007पासून वन विभागासोबत चालवते. हे प्राणिसंग्रहालय नाही. विहिरीत पडलेले, गाडीची धडक बसलेले, फासकीत अडकून पाय गमावलेले, वस्तीत शिरून पकडले गेलेले बिबटे इथे येतात.

हे केंद्र जुन्नरलाच का, याचं उत्तर आजूबाजूच्या शेतांत आहे. कुकडी प्रकल्पातल्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचं पाणी कालव्यांनी फिरलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. साखर कारखाने आले. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष शेतात उभा असतो. बिबट्याला त्यात दाट आडोसा मिळतो, पाणी मिळतं, माणसाची वर्दळ कमी असते आणि बांधापलीकडच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं असतात. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास केला, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आढळले, तेही अभयारण्यात नव्हे, शेतीच्या मुलखात. त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. बिबट्या जंगलातून वाट चुकून येतो ही आपली समजूत इथे कोलमडते. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो.

ही गोष्ट कळण्याआधी जुन्नरने मोठी किंमत मोजली. 2001पासून इथे बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर चालली. बरेच बिबटे हलवले गेले. लोकांना वाटलं, आता सुटका होईल. घडलं उलटंच. अत्रेय यांच्या 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, 2001 ते 2003 या काळात ते सतरावर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट होऊन 36 टक्क्यांवर पोचलं. ओळखीचा मुलूख तुटलेलं, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीने बिथरलेलं जनावर अनोळखी जागी सोडलं की ते परतीची वाट शोधत वस्त्यांमधूनच फिरतं. आणि इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापतो. 2011मध्येच केंद्र सरकारने बिबट्या-मानव संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबटे सरसकट धरून दुसरीकडे सोडू नयेत, असं त्यांत सांगितलं आहे.

दूर सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबत नाही, हे ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवून दिलं. 2009च्या एप्रिलअखेर पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा थोराड नर माणिकडोहला आणला गेला. त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवली, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. तीन-चार आठवड्यांत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून तो मुंबईच्या परिसरात पोचला. वाटेत महामार्ग होते, रेल्वेमार्ग होते, दाट वस्ती होती. त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. 2011च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. तो आजोबाच होता, हे चिपवरून समजलं. 2014मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट केला.

केंद्राच्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग ऊसतोडीत येतो. दिवाळीच्या सुमारास कोयते चालू लागतात आणि सऱ्यांमध्ये बछडी सापडतात. डोळे नीट न उघडलेली, मांजरीच्या पिलांएवढी. मजूर घाबरतात, आणि ते साहजिकच आहे, कारण मादी जवळपास असते. पूर्वी अशी पिलं उचलून आणली जात आणि त्यांचा जन्म पिंजऱ्यात जाई. आईकडून शिकार न शिकलेलं आणि माणसाच्या हातून खायची सवय लागलेलं पिलू पुन्हा मोकळं सोडता येत नाही. आता डॉक्टर शेतातच येऊन पिलं तपासतात, गोचीड काढतात, चिप बसवतात आणि दिवेलागणीला त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. ट्रॅप कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी येते, हुंगते, क्रेट कलंडते आणि एकेक पिलू तोंडात धरून उसात नाहीशी होते. पहिल्या रात्री नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच करतात. यात शेतकऱ्याचा मोठा वाटा असतो. त्या रात्री रान मोकळं सोडायला तो तयार झाला तरच हे जमतं. पिलं हिरावलेली मादी चवताळून वस्तीभोवती घिरट्या घालते, हे त्याला पटवून द्यावं लागतं. या केंद्राचं खरं लोकशिक्षण बांधावर उभं राहून होतं, ते असं.

विहिरीचंही तसंच. रानातल्या बिनकठड्याच्या विहिरीत बिबट्या पडला की आधी दोराने बाज किंवा फळी सोडतात, म्हणजे दमलेलं जनावर तिच्यावर टेकतं. मग पिंजरा उतरवतात. जखम नसेल आणि प्रकृती ठीक असेल, तर त्याला जवळच्याच त्याच्या ओळखीच्या मुलखात सोडणं सगळ्यात बरं. कोणाला सोडायचं, कोणाला ठेवायचं, हा निर्णय इथल्या डॉक्टरांचं आणि वनाधिकाऱ्यांचं सगळ्यात कठीण काम आहे. पाय गमावलेला, आंधळा झालेला, म्हातारा बिबट्या बाहेर जगू शकत नाही. माणसावर हल्ला केल्याचा संशय असलेल्याला सोडणं गावाला मान्य होत नाही. असे बिबटे इथे वर्षानुवर्षं राहतात आणि जागा अपुरी पडत जाते.

गावांचं दुःख मात्र कोणत्याही आकड्याने हलकं होत नाही. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. लोक महामार्गावर उतरले. त्यानंतर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या आईचं लेकरू अंगणातून गेलं, तिला कोणी सहजीवनाचा धडा देऊ नये. आधी तिच्या वस्तीवर उजेड, बंदिस्त गोठा, शेतीला दिवसा वीज आणि हाकेसरशी धावून येणारं पथक पोचायला हवं. नरभक्षक ठरलेल्या जनावराचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्याच्या नावाखाली दिसेल तो बिबट्या उचलला, तर 2001ची चूक आपण पुन्हा करू.

आपण शहरातली माणसं या गोष्टीतून बाहेर नाही. खेड तालुका जुन्नर वन विभागातच येतो, आणि चाकणची औद्योगिक वसाहत खेड तालुक्यात. हिंजवडीच्या पलीकडे बिबट्या दिसल्याची बातमी वाकडच्या सोसायट्यांमध्ये अधूनमधून पोचते आणि दहा मिनिटांत मोबाईल उंचावलेली गर्दी जमते. भुलीचं औषध चढायला वेळ लागतो. आरडाओरड्याने भेदरलेल्या जनावरावर ते उशिरा चढतं आणि तेवढ्या वेळात ते गर्दीतून वाट काढायला धावतं. अशा वेळी हल्ला म्हणून ज्याची नोंद होते, ती बऱ्याचदा ही पळापळ असते. शिवाय उघड्यावरच्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री हे बिबट्यासाठी आयतं अन्न आहे, आणि ते आपणच मांडून ठेवतो.

माणिकडोहला जाऊन शिकायचं ते हेच. कचरा झाका. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, मुलांना घरात घ्या आणि चित्रण करायला थांबू नका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. बहुतेक बिबटे रात्रीत आपणहून निघून जातात. या केंद्रातली माणसं जिवावर उदार होऊन विहिरीत उतरतात, फडात जातात. त्यांचं यश पिंजऱ्यात किती बिबटे आहेत यावर मोजू नये. जो बिबट्या इथे आणावाच लागला नाही आणि ज्याच्या मुलखात माणूसही सुखरूप राहिला, तो त्यांच्या कामाचा खरा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात वाकड-चाकणच्या माणसांनाही आपला वाटा उचलावा लागेल.