गाडीची निगा : धुतल्यावरही उरते ती खरखर

गेल्या आठवड्यात गाडी धुण्याची रीत पाहिली. तशी नीट धुतलेली गाडी सावलीत उभी करा आणि ती ओली असतानाच एकदा हाताने तपासा. किराणा दुकानातून येते तशी पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा आणि बोनेटवरून बोटांची टोकं अलगद फिरवा. उघड्या बोटांना जे कळलं नव्हतं ते पिशवीतून लगेच कळतं. पिशवीमुळे कातडी पत्र्याला अडखळत नाही आणि उंचवटे तेवढे लागतात. दारांचा खालचा भाग, डिकीचं झाकण आणि बोनेटचं पुढचं टोक इथे बहुतेक गाड्यांना बारीक रवा लागतो.

हा रवा हाताला लागला की आपल्याकडे पहिला समज होतो तो रंग गेल्याचा. मग दसऱ्याच्या आधी, किंवा घरात लग्न निघालं की गाडी ‘रबिंग-पॉलिश’ला जाते. कंपाउंड लावून मशीन फिरतं, गाडी चकाकते, खरखरही जाते. पण सोबत रंगावरच्या संरक्षक थराचा एक हिस्सा जातो आणि तो कधीच परत येत नाही. म्हणून आजच्या भागात मी एकच गोष्ट आग्रहाने सांगणार आहे. ही खरखर रंगाची नाही, रंगावर येऊन बसलेल्या परक्या कणांची आहे. ते कण उचलून काढता येतात, त्यासाठी रंग घासण्याची गरज नाही. ते उचलणारी वस्तू म्हणजे क्ले बार.

आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या गाडीवर नेमकं काय येऊन बसतं ते आधी पाहू, कारण प्रत्येक गोष्टीचा इलाज वेगळा आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे लोखंड. तालुक्याच्या कुठल्याही गावात गेट, ग्रिल, ट्रॉल्या करणारी वेल्डिंगची दुकानं रस्त्याला लागून असतात आणि त्यांच्यासमोरच गाड्या उभ्या राहतात. ग्राइंडरमधून उडणारी ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कण. तो गाडीवर पडला की वरच्या पारदर्शक थराला किंचित वितळवून आत रुततो आणि तिथेच थंड होतो. पावसाळ्याची दमट हवा लागली की गंजतो, गंजला की फुगतो. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराजवळ उन्हात वाकून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसतील, काहींच्या भोवती तपकिरी कडं असेल. नखाने खरवडून ते निघत नाहीत, शाम्पूने जात नाहीत. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवरही ते तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत. ज्यांची गाडी वेल्डिंगच्या दुकानासमोर कधी थांबलेली नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅड झिजतात आणि तीच गरम लोखंडी भुकटी चाकांवर आणि मागच्या पत्र्यावर बसते. अमेरिकेत नव्या गाड्या मालगाडीने शोरूमला जात, तेव्हा रूळ-चाकांच्या झिजेतून उडालेल्या लोखंडाचे असेच ठिपके घेऊन त्या पोहोचत. तिकडे त्या ठिपक्यांना ‘रेल डस्ट’ हे नावच पडलं.

दुसरं डांबर. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा करत नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ चं रुंदीकरण झालं तसा ताज्या डांबरावरून गाडी चालवण्याचा प्रसंग सगळ्यांवरच आला. वारंग्याला खिचडी खायला थांबलात की चाकांच्या मागचा पत्रा पाहा. मोहरीएवढे काळे थेंब दिसले तर ते डांबर. ते क्लेने काढू नका. क्ले त्यात लडबडते आणि वाया जाते. टार रिमूव्हर, तो नसेल तर कापडाच्या कोपऱ्यावर थोडं रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट घेऊन थेंब मऊ होईपर्यंत टेकवून धरायचं, मग अलगद पुसून ती जागा शाम्पूने धुवायची.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात, त्यांच्या अंगातून गोड चिकट स्राव गळतो आणि पानं चकचकीत होतात. तोच चिकटा झाडाखाली लावलेल्या गाडीवर गळतो. त्यावर धूळ बसते, ऊन लागून तो कडक होतो. ताजा असताना कोमट पाण्याने सुटतो, महिनाभर राहिला की क्लेचंच काम. पक्ष्यांची विष्ठा मात्र महिनाभर ठेवूच नका. ती उन्हात रंगाला खाते आणि तो खड्डा क्लेने भरत नाही.

बोअरच्या पाण्याचे डाग ही तर घरोघरची तक्रार. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं वर्तुळ उरतं. ताजं वर्तुळ पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतं, लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. जुनं झालेलं वर्तुळ क्लेने काही अंशी उतरतं. इथेच एक सूचना. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने बरेच जण घरच्या आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी गाडी धुवायला वापरतात. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला, अंगण धुवायला वापरा, गाडीला नको.

काळी माती आणि हळद यांचं काय? हळद शिजवून, वाळवून पॉलिशला निघते त्या दिवसांत पॉलिशच्या ड्रमजवळ उभ्या असलेल्या गाडीवर पिवळा थर चढतो, पण तो धुण्याने जातो. काळी माती पावसाळ्यात चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खाली थापली जाते. ती चिकट असली तरी पाण्याने फुगून सुटते, भिजत ठेवून जोराच्या पाण्याने काढायची. या दोन्हींना क्ले लागत नाही. उलट मातीचा एकही खडा शिल्लक असताना क्ले फिरवली तर तोच खडा पत्र्यावर ओढला जाऊन ओरखडे पडतील. म्हणून ही लेखमाला धुण्यापासून सुरू झाली.

आता रबिंगबद्दल. पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे असताना गाडीचा रंग टिकतो तो याच थरामुळे, कारण सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यात असतात. दर रबिंगला हा थर काही मायक्रॉनने कमी होतो. टपावर आणि बोनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटलेल्या गाड्या आपण पाहतो, त्यांचा क्लिअर कोट संपलेला असतो. मग पूर्ण रंगकाम करण्यावाचून इलाज राहत नाही. ओरखडे, फिकटपणा, खोल डाग यांच्यासाठी पॉलिश करावंच लागतं, त्याला माझा विरोध नाही. नुसत्या खरखरीसाठी करू नका.

क्ले बार आला जपानमधून. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाला त्याचं अमेरिकी पेटंट १९९५ साली मिळालं आणि पेटंटात त्याचं वर्णन लवचीक घासदगड असं आहे. त्या वर्णनात सगळी कृती आली. पॉलिब्युटीनसारखं मऊ, ताणलं जाणारं रेझिन आणि त्यात मळलेली अतिशय बारीक घासणारी पूड, एवढाच हा गोळा. दगड कडक असतो म्हणून तो सपाट भागालाही खरवडतो. हा गोळा ओल्या, निसरड्या पत्र्यावरून तरंगत जातो आणि जिथे एखादा कण वर डोकावत असेल तिथेच अडतो. कण तुटतो किंवा उपटला जातो आणि गोळ्याच्या अंगात रुतून बसतो. शाडू किंवा मुलतानी मातीने हे काम होत नाही, तसला प्रयोग गाडीवर करू नका.

१०० ग्रॅमच्या आसपासची वडी ऑनलाइन किंवा नांदेडसारख्या शहरातल्या गाडी-सामानाच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळते. मऊ, मध्यम, कडक असे प्रकार येतात. घरी करणाऱ्याने मऊच घ्यावी. एक वडी जपून वापरली तर एका गाडीला अनेकदा पुरते.

लोखंडाचे ठिपके असतील तर क्लेआधी आयर्न रिमूव्हर फवारा. त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं, पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ उतरताना स्पष्ट दिसतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून मोकळ्या जागी, हातमोजे घालून करा आणि फवारा वाळायच्या आत धुऊन टाका. ही पायरी टाळू नये, कारण क्ले कणाचं डोकं उडवते पण आत रुतलेलं मूळ कधी कधी तसंच राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजून वर येतं.

मग क्ले. वेळ सकाळची, गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. वडीचा तिसरा हिस्सा तोडून घ्या, बाकीची डबीत ठेवा. हाताने मळून तीन-चार बोटांखाली मावेल अशी चपटी करा. थंडीच्या दिवसांत ती कडक होते, तेव्हा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. उन्हाळ्यात उलट होतं, ती हातात चिकटायला लागते, मग गार पाण्यात टाका. लिटरभर पाण्यात चमचाभर कार शाम्पू मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको. दीड-दोन फूट लांबी-रुंदीचा एकच भाग घ्या, पत्रा आणि क्ले दोन्हींवर सढळ हाताने फवारा आणि सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा. गोल फिरवू नका, दाबू तर अजिबात नका, क्लेचं वजन आणि बोटांचा आधार पुरे.

पहिल्या काही फेऱ्यांत क्ले अडखळते, हलका खर्र आवाज येतो, बोटांना ओढ जाणवते. ओढ कमी होत जाते, आवाज थांबतो आणि मग क्ले बर्फावरून सरकल्यासारखी निघते. तो भाग झाला. थांबून क्ले उलटी करून पाहा. पांढऱ्या, रोज धुतल्या जाणाऱ्या गाडीवरूनही ती राखाडी-तपकिरी झालेली असते. मळका भाग आत दुमडा, मळून नवी बाजू वर काढा, पुसून पुढच्या भागाकडे जा. पत्रा वाळतोय असं वाटलं की आधी फवारा, मग हात. वरून खाली या, टप आणि बोनेट आधी, दारांचे खालचे भाग सगळ्यांत शेवटी. क्ले जमिनीवर पडली की तो तुकडा फेकून द्यायचा. धुऊन, पुसून, खडे वेचून वापरायचा मोह होतो, पण काळ्या मातीच्या अंगणात पडलेल्या क्लेत रुतलेली कच डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्याच फेरीत रंगावर ओरखडा उमटतो. वडीचे तुकडे करून घ्यायला सांगितलं ते याचसाठी.

काचेवरही अशीच फिरवा. समोरच्या काचेवरचा क्षारांचा आणि किड्यांचा थर उतरला की वायपर थरथरत नाही आणि इसापूर धरणाच्या बाजूने रात्री पावसात येताना समोरून येणाऱ्या दिव्यांचा पसारा कमी होतो. मला स्वतःला हा फायदा रंगाच्या चमकेपेक्षा मोठा वाटतो.

कुठे वापरू नये तेही सांगायला हवं. मॅट रंगावर नाही. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागावर किमान महिनाभर नाही, रंग आतून पुरता सुकलेला नसतो. सिरॅमिक कोटिंग केलं असेल तर ज्याने केलं त्याला विचारल्याशिवाय नाही, कारण क्ले ते कोटिंग झिजवू शकते. काळ्या गाडीवर क्लेनंतर बारीक पुसट रेघा दिसू शकतात, त्यासाठी शेवटचा हात हलक्या पॉलिशचा लागतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात करून पाहा. आणि ओरखडे, विष्ठेने पडलेले खड्डे, उन्हाने उडालेला रंग यांवर क्ले काहीही करत नाही. तशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका.

वर्षातून एकदा पुरे. आपल्या भागात योग्य वेळ पावसाळा संपता संपता, दसऱ्याच्या आधी. तोवर चिखल थांबलेला असतो, गंजाचे ठिपके वर आलेले असतात आणि ऊन अजून सोसवतं. दर महिन्याला करण्याचा हौशीपणा नको. पिशवी घालून हात फिरवा, खरखर लागली तरच क्ले काढा, आणि ज्या भागाला लागली त्याच भागावर करा.

वॉशिंग सेंटरवर गाडी देत असाल तर एवढं जरूर विचारा: ‘क्ले करता का? आणि नवा तुकडा वापरता का?’ दुसऱ्याच्या गाडीवरून उतरलेली क्ले तुमच्या गाडीवर फिरवू देऊ नका. क्ले करत नसतील तर तुमची स्वतःची वडी न्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

क्ले झाल्यावर गाडीवर जुनं मेण किंवा सीलंट काहीच शिल्लक राहत नाही, रंग उघडा पडतो. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या आणि त्याच दिवशी त्यावर वॅक्स किंवा सीलंट चढवा. ते कोणतं आणि कसं, हे पुढच्या आठवड्यात पाहू. तुमच्याकडे वॅक्सचा डबा आधीपासून नसेल, तर पुढचा भाग वाचेपर्यंत क्लेला हात घालू नका.