टूलकिटचे वचन आणि त्याची मुदत

संगणकाच्या पडद्यावर उघडणारी खिडकी, तिच्यातील बटणे, याद्या, सरकपट्ट्या आणि मजकूर लिहिण्याच्या चौकटी प्रत्येक प्रोग्रॅमचा लेखक स्वतः घडवत नाही. हे सुटे भाग तयार स्वरूपात पुरवणाऱ्या संग्रहाला ‘टूलकिट’ म्हणतात, आणि लिनक्सवरील बहुसंख्य डेस्कटॉप प्रोग्रॅम जीटीके व क्यूटी या दोन टूलकिटांवर उभे आहेत. वापरणाऱ्याला या नावांशी कर्तव्य नसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे मात्र तसे नसते, कारण एकदा टूलकिट निवडले की त्याला दिलेल्या आज्ञा प्रोग्रॅमच्या हजारो ओळींत ठायी ठायी विखुरतात आणि पुढे त्या आज्ञांचा अर्थ किंवा नाव बदलले, तर ती प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करण्याचे काम त्याच्याच माथी येते.

जुना प्रोग्रॅम नव्या टूलकिटवर चालत राहण्याच्या गुणाला सुसंगती म्हणतात आणि ती दोन प्रकारची असते. प्रोग्रॅमची मूळ संहिता न बदलता नव्याने कम्पाइल करता येत असेल, तर ती स्रोत-सुसंगती. आधीच कम्पाइल झालेली, यंत्राच्या भाषेतील फाइल जशीच्या तशी चालत असेल, तर ती बायनरी-सुसंगती. दुसरी सांभाळणे अधिक कठीण, कारण तिच्यात नावांबरोबरच स्मृतीतील माहितीची मांडणीही हलवता येत नाही. जीटीके आणि क्यूटी या दोघांनीही एका मुख्य आवृत्तीच्या आत, म्हणजे २.० पासून २.२४ पर्यंत किंवा ५.० पासून ५.१५ पर्यंत, बायनरी-सुसंगती राखण्याचे वचन दिले आणि एकंदरीने ते पाळले. प्रश्न उभा राहतो तो मुख्य आकडा बदलतो तेव्हा, कारण त्या क्षणी जुने वचन संपते आणि नवे सुरू होते.

या व्यवहाराची खरी किंमत जीटीकेच्या जन्मकथेतच दिसते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी गिंप हा चित्रसंपादनाचा प्रोग्रॅम लिहिला, तो प्रारंभी मोटिफ नावाच्या व्यापारी परवान्याच्या टूलकिटवर बेतलेला होता. ते बंधन नकोसे झाल्याने मॅटिस यांनी स्वतःचे टूलकिट रचले, आणि ‘गिंप टूलकिट’ याचे लघुरूप म्हणून जीटीके हे नाव रूढ झाले. म्हणजे टूलकिट प्रोग्रॅमसाठी जन्मले. पुढे ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने जीटीके आपला आधार केल्यावर त्याची दिशा गिंपच्या गरजांनी नव्हे, तर ग्नोमच्या गरजांनी ठरू लागली. जीटीके २ हे २००२ मध्ये आले आणि गिंपने २००४ मध्ये त्यावर २.० ही आवृत्ती काढली, इथवर दोघांची चाल जुळलेली होती; मात्र फेब्रुवारी २०११ मध्ये जीटीके ३ आले आणि त्यावर आधारलेले गिंप ३.० प्रत्यक्षात मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या १४ वर्षांत, डिसेंबर २०२० मध्ये, जीटीके ४ सुद्धा येऊन गेले होते. ज्या प्रोग्रॅमसाठी टूलकिट घडले तोच त्याच्या एक पिढी मागे राहिला, यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

या विलंबाचे सगळे खापर टूलकिटवर फोडणे न्यायाचे होणार नाही, कारण त्याच काळात गिंपच्या मोजक्या स्वयंसेवकांनी चित्रावर प्रक्रिया करणारे अंतरंग जेगल या नव्या इंजिनावर हलवले आणि तेही काम वर्षानुवर्षांचे होते. जीटीकेने केलेले बदलही उगाच नव्हते. जीटीके २ मध्ये प्रोग्रॅम टूलकिटच्या अंतर्गत माहितीला थेट हात घालू शकत असे, त्यामुळे ती माहिती बदलणे टूलकिटच्या लेखकांना अशक्य झाले होते. जीटीके ३ ने ही दारे बंद केली आणि रेखाटनाचे काम पूर्णपणे कैरो या लायब्ररीकडे सोपवले. पुढे दाट बिंदूंचे पडदे आले आणि खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीच्या जागी वेलँड आले; जीटीके ४ ने तर पडदा रंगवण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे देण्यासाठी रचनाच पालटली. जीटीके २ वर थांबलेल्या गिंपमध्ये दाट पडद्यावर अक्षरे व चिन्हे बारीक दिसत असत, याचा अर्थ न बदलण्यालाही किंमत होतीच. तथापि जीटीके ३ च्या एकाच मालिकेत, बायनरी-सुसंगती शाबूत असतानाही, खिडक्यांचे रंगरूप ठरवणाऱ्या थीम दर काही महिन्यांनी मोडत राहिल्या, त्याचे समर्थन करणे कठीण आहे. वचनाचे शब्द पाळले गेले, आशय नाही.

ज्यांना ही दगदग नको होती त्यांनी घर बदलले. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला, पाणबुड्यांच्या बुड्यांची नोंद ठेवणारा सबसरफेस हा प्रोग्रॅम २०१३ च्या अखेरीस जीटीके सोडून क्यूटीवर गेला. नेटवर्कची तपासणी करणारा वायरशार्क २०१५ मध्ये गेला. एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपच्या लेखकांनीही तीच वाट धरली. एक्सएफसीई हे डेस्कटॉप मात्र जीटीकेलाच धरून राहिले आणि त्याच्या ४.१२ व ४.१४ या लागोपाठच्या आवृत्त्यांत, जीटीके ३ वर येता येता, साडेचार वर्षांचे अंतर पडले.

क्यूटीची कथा निराळ्या अंगाने अवघड आहे, कारण तेथे प्रश्न तंत्राचा कमी आणि परवान्याचा अधिक. ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीचे हे उत्पादन पुढे नोकिया, डिजिया आणि मग क्यूटी कंपनी असे हात बदलत गेले. आवृत्त्यांमधील स्थलांतर तुलनेने सुकर ठेवण्याकडे तेथे लक्ष दिले गेले, परंतु जानेवारी २०२१ पासून ५.१५ च्या दीर्घकालीन पाठबळाच्या दुरुस्त्या प्रथम केवळ पैसे देणाऱ्या ग्राहकांना मिळू लागल्या. त्यावर क्यूटीवर उभ्या असलेल्या केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने आवश्यक दुरुस्त्यांचा आपला स्वतंत्र संच सांभाळायला घेतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीच्या रूपाने क्यूटी ६ गाठले. दीर्घकालीन पाठबळ म्हणजे जुन्या आवृत्तीत नवे काही न घालता केवळ दोष व सुरक्षेची भगदाडे बुजवत राहणे. हे काम कंटाळवाणे असते, त्यातून कीर्ती मिळत नाही, आणि म्हणूनच ते स्वयंसेवकांकडून फुकट होण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, पण तो तितका दूर नाही. जीटीके २ बरोबर पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी आली आणि तिच्यामुळे युनिकोडमधील देवनागरी जोडाक्षरे व वेलांट्या खिडक्यांमध्ये नीट उमटण्याची सोय झाली. म्हणजे सुसंगती तोडणारी ती उडी मराठीच्या पथ्यावर पडली. याउलट, रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी टंकन करण्यासाठी जी आयबस यंत्रणा वापरली जाते तिला जीटीके २, ३, ४ आणि क्यूटी यांच्यासाठी वेगवेगळे जोडभाग लागतात, कारण एका आवृत्तीचा जोडभाग दुसरीत चालत नाही. जोडभाग नसला की एका प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिता येते आणि शेजारच्यात येत नाही, आणि वापरणारा बिचारा कळफलकाला दोष देतो.

यावर सध्या प्रचलित असलेला उपाय म्हणजे फ्लॅटपॅकसारख्या पेट्या, ज्यांत प्रोग्रॅम आपल्या पसंतीच्या टूलकिटसह बंद होऊन येतो आणि मूळ प्रणालीत कोणती आवृत्ती आहे याची पर्वा करत नाही. त्याने मोडतोड थांबते, जबाबदारी संपत नाही. या पेट्यांखालच्या फ्रीडेस्कटॉप या पायाभूत संचालाही दोनच वर्षांचे पाठबळ मिळते, त्यानंतर प्रोग्रॅम चालतो पण त्यातील भगदाडे बुजत नाहीत. विंडोजसाठी लिहिलेले खेळ प्रोटॉन या साधनाच्या आधारे लिनक्सवर चालू लागल्यापासून, लिनक्सवरील सर्वांत टिकाऊ बायनरी म्हणजे विंडोजचीच, अशी थट्टा लिनक्सच्याच लोकांत होते आणि तिच्यात तथ्य आहे.

जीटीके ४ प्रसिद्ध झाले त्याच महिन्यात जीटीके २ ची शेवटची आवृत्ती निघून तिचे पाठबळ थांबले. त्याच रिवाजाने जीटीके ५ येईल तेव्हा जीटीके ३ चे थांबेल, आणि गिंप आज जीटीके ३ वर आहे.