झिरप्रो : लोकरीच्या मूळ गुणाला दिलेली जोड

घोंगडीचा एक धागा काडीच्या ज्योतीत धरून पाहा. तो आक्रसतो, फुगतो, केस जळल्यासारखा वास सुटतो. ज्योत दूर केली की बहुतेक वेळा आपणच विझतो. टोकाला राहिलेली काळी गुठळी चिमटीत सहज चुरते. लोकरीत सुमारे 16 टक्के नायट्रोजन, तीन-चार टक्के गंधक आणि बऱ्यापैकी ओलावा असतो. 570 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत ती पेट घेत नाही. जळत राहायला तिला साधारण 25 टक्के ऑक्सिजन लागतो आणि हवेत असतो 21 टक्के. सुती कापडाला 18 टक्केही पुरतो.

पण विमानातल्या आसनांसाठी एवढ्यावर भागत नाही. तिथल्या चाचणीत कापड उभं टांगून खालून 12 सेकंद ज्योत लावतात, आणि पातळ किंवा सैल विणीची लोकर तिथे हमखास पास होईलच असं नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचा जुना उपाय होता, पण तो धुण्यात निघून जाई.

याचं उत्तर 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, इल्क्ली गावी सापडलं. इंटरनॅशनल वूल सेक्रेटेरिएट या संस्थेच्या तिथल्या तंत्रकेंद्रात लाडिस्लाव्ह बेनिशेक यांनी झिरप्रो प्रक्रिया विकसित केली. तिची रचना मला फार सुंदर वाटते. आम्लयुक्त पाण्यात लोकरीतल्या प्रथिनांवर धन प्रभार येतो. त्याच पाण्यात पोटॅशियम हेक्झाफ्लुओरोझिर्कोनेट विरघळवलं, की त्यातले ऋण प्रभाराचे कण तंतूंकडे ओढले जाऊन आत मुरतात. लोकर रंगवताना आम्लरंगही असेच धरतात. म्हणून वेगळं यंत्र नको, पाणी उकळायलाही नको. रंगाऱ्याच्याच यंत्रात काम होतं. टायटॅनियमनेही हे साधतं, मात्र कापडावर पिवळट झाक येते. झिर्कोनियमचं तसं नाही. फिक्या रंगांनाही ते चालतं.

अशा कापडावर आच आली की फुगीर, घट्ट कोळशाचा थर धरतो आणि खालचा भाग तगतो. ओतशाळेत वितळलेल्या धातूचे शिंतोडे त्याला चिकटून बसत नाहीत, ओघळून जातात. कामगाराच्या कातडीसाठी तेवढा क्षण फार मोलाचा असतो.

अडचण सांडपाण्याची आहे. लोकरीने न घेतलेलं झिर्कोनियम आणि फ्लुओराइड रंगकुंडातच उरतं, आणि ते काढून टाकल्याशिवाय पाणी नदीत सोडता येत नाही.