परदेशी फोनचे कुलूप

अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेला लागले की पेढी नदीच्या काठी वलगाव येते. समजा, या गावातील एका घरी न्यू जर्सीहून मावशी आली. पंधरा दिवस राहिली आणि जाताना आपले सिम काढून घेऊन फोन मात्र बारावीतल्या भाचीला देऊन गेली. भाचीने मोठ्या हौसेने आपले सिम त्यात घातले. पडद्यावर अक्षरे उमटली : हे सिम चालणार नाही. तेच सिम आईच्या फोनमध्ये ठणठणीत चालते आणि मावशीच्या फोनचे घड्याळ, कॅमेरा, सारे काही चालते. मग बिघडले काय?

घरातील कोणीतरी लगेच म्हणेल, ‘अमेरिकेतला फोन आहे, इकडे कसा चालेल?’ पण विद्यार्थी मित्रांनो, थोडे थांबा. मावशी पंधरा दिवस याच फोनवरून, याच ओसरीत बसून बोलत होती ना? म्हणजे वलगावच्या मनोऱ्याच्या रेडिओलहरी या फोनला कळतात. त्याची तक्रार गावाबद्दल नाही, सिमबद्दल आहे.

प्रत्येक सिममध्ये एक क्रमांक साठविलेला असतो. तो बहुधा १५ आकडी असतो. आपला नेहमीचा दहा आकडी दूरध्वनी क्रमांक तो हा नव्हे. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ व ४०५, अमेरिकेचे ३१० आणि त्यापुढील काही. नंतरचे दोन किंवा तीन आकडे कंपनी सांगतात आणि उरलेले ग्राहकाचे असतात. भारतात तर एकाच कंपनीला वेगवेगळ्या विभागांसाठी वेगळे आकडे आहेत. ४०४ ६६ म्हणजे महाराष्ट्रातील बीएसएनएल. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचा एक क्रमांक ३१० ४१० असा आहे.

कुलूप घातलेल्या फोनच्या स्मृतीत एवढेच लिहून ठेवलेले असते की, अमुक आकड्यांनी सुरू होणारेच सिम चालवावे. फोन सुरू होताच सिमचा क्रमांक वाचतो आणि ताडून पाहतो. ३१० ४१० ची अपेक्षा असताना ४०४ ६६ आले, की तो पुढे सरकतच नाही. हे कुलूप पाच-सहा आकड्यांच्या तुलनेचे आहे. यंत्राचा एकही भाग त्यासाठी बंद केलेला नसतो.

मग कंपन्या ते घालतात कशासाठी? पैशासाठी. महाग फोन ग्राहकाला स्वस्तात किंवा हप्त्याने द्यायचा आणि पुढे दोन-तीन वर्षे त्याच्या बिलातून किंमत वसूल करायची, असा हा व्यवहार. ग्राहक मध्येच दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तोटा, म्हणून कुलूप. आपल्याकडेही हे घडले आहे. रिलायन्सने २००३ मध्ये ५०१ रुपयांत फोन देऊ केले, तेव्हा त्या फोनांत सिमच नव्हते. क्रमांक फोनमध्येच भरलेला असे. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन दिलेला जिओफोन फक्त जिओच्या सिमवर चाले. यात गैर काही नाही; पण हप्ते फिटल्यावरही कुलूप राहिले, तर मात्र फोन नक्की कोणाचा, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून नवा फोन कंपनीच्या परवानगीवाचून खुला करणे कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू लागले. लोक चिडले, लाखावर सह्यांचा अर्ज गेला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा करून ग्राहकाला ती मोकळीक पुन्हा देण्यात आली. कॅनडात २०१७ पासून, ब्रिटन व जपानमध्ये २०२१ पासून नवे फोन कुलपाशिवायच विकावे लागतात.

आता किल्ली. जुन्या कित्येक फोनांत एक सांकेतिक क्रमांक दाबला की कुलूप निघे. काही फोनांचा हा संकेत फोनच्या स्वतःच्या क्रमांकावरून गणिताने निघत असे. ते गणित बाहेर फुटले आणि बाजारातले दुरुस्तीवालेही किल्ल्या पाडू लागले! पुढे कंपन्यांनी प्रत्येक फोनला स्वतंत्र संकेत देऊन त्याची नोंद आपल्याजवळ ठेवली. संकेत ठरावीक वेळांहून अधिक चुकला की कुलूप कायमचे बसते. म्हणून अंदाजाने आकडे दाबत बसू नये. आयफोनला तर दाबण्याचा संकेतच नाही. कंपनीने होकार दिला की निर्मात्याच्या संगणकातील नोंद बदलते आणि फोन इंटरनेटला जोडल्यावर ती वाचून कुलूप सोडतो.

म्हणून भाचीने अमरावतीच्या बाजारात फिरण्याआधी मावशीलाच सांगावे. मावशीने आपल्या कंपनीकडे अर्ज करावा. हप्ते फिटलेले असले आणि फोन चोरीचा म्हणून नोंदलेला नसला, तर तो सहसा मान्य होतो. अर्जात फोनचा १५ आकडी क्रमांक, म्हणजे आयएमईआय, लागतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. सातासमुद्रापलीकडे तोंडी सांगताना एखादा आकडा चुकायचाच. पण त्याची सोय क्रमांकातच आहे : पंधरावा आकडा पहिल्या चौदांवरून ठरतो.

वहीत करून पाहा. चौदा आकडे १२३४५६७८९०१२३४ असे माना. दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे आकडे दुप्पट करा. उत्तर दोन आकडी आले तर त्याचे आकडे मिळवा. ४, ८, ३, ७, ०, ४, ८ असे मिळतात, बेरीज ३४. विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज २९. एकूण ६३. पुढची दहाची पट ७०, म्हणून पंधरावा आकडा ७. कोणताही एक आकडा चुकला की हा मेळ बिघडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बिघडतो. फक्त ० आणि ९ ची अदलाबदल मात्र निसटते. का, ते तुम्हीच शोधा. मग आपल्या घरातल्या फोनवर हा ताळा करून पाहा.

कुलूप निघाले तरी एक अडचण उरते. प्रत्येक फोन ठरावीक वारंवारताच ऐकतो. पूर्वी भारतात ९०० व १८०० मेगाहर्ट्‌झ आणि अमेरिकेत ८५० व १९०० मेगाहर्ट्‌झ वापरत, त्यामुळे तिकडचा साधा फोन इकडे बहिराच ठरे. आजचे फोन अनेक पट्टे ऐकतात. तरी जिओसारख्या जाळ्यावर बोलणेही ४जी-५जीवरूनच जाते आणि ती सोय त्या फोनमध्ये त्या कंपनीसाठी असावी लागते. भाचीने एखादे सिम घालून नुसता इंटरनेट चालतो का एवढेच न पाहता, एक फोन लावूनही पाहावा.

उलट दिशेचीही एक गंमत आहे. भारतात विकले जाणारे बहुतेक फोन खुले असतात. पण काही फोनांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सूचना असते की, पहिले सिम याच प्रदेशातील घालावे. इथल्या सिमवर थोडा वेळ बोलले की ही अट संपते. वलगावचा एखादा मुलगा शिकायला परदेशी निघाला आणि नवा फोन खोक्यातच बंद ठेवून नेला, तर तिकडे उतरल्यावर त्याची गत या भाचीसारखीच व्हायची. त्याने खोके घरीच उघडावे, आपले सिम घालावे आणि मावशीला एक लांबलचक फोन लावावा.