शब्दांना चाल देणारे यंत्र

गीत आणि चाल यांचा संबंध फार जुना आहे. पहाटे जात्यावर बसणारी स्त्री ओवी रचीत असे आणि तीच ती गातही असे. जात्याची घरघर सुरू झाली, की शब्द आणि चाल तिला एकदमच सुचत. पुढे ही दोन कामे निरनिराळ्या माणसांकडे गेली. १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली लावल्या. कवीने शब्द द्यावेत आणि संगीतकाराने त्यांचा अर्थ मनात घोळवून त्यांना साजेशी चाल लावावी, अशी ही रीत आहे.

आता या कामासाठी एक यंत्रही पुढे आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकाला स्वतः रचलेली कविता लिहून दिली आणि गाणे कोणत्या प्रकारचे हवे हे थोडक्यात सांगितले, की तो चाल, वाद्ये आणि गाणारा आवाज यांसह संपूर्ण गीत थोड्याच वेळात ऐकवतो. ज्याला पेटी वाजवता येत नाही किंवा ज्याचा गळा गोड नाही, अशा मुलालाही आपली कविता गाण्याच्या रूपात ऐकावयास मिळते. हा लाभ लहान नव्हे.

यंत्र संगीत रचू शकेल ही कल्पना मात्र आजची नाही. इंग्लंडमधील एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली असे लिहून ठेवले होते, की स्वरांचे परस्परसंबंध गणनयंत्राला समजतील अशा रीतीने मांडता आले, तर ते यंत्र संगीताची रचनाही करू शकेल. पुढे १९५६-५७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी संगणकाच्या साहाय्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना तयार केली. तिचे नियम माणसांनीच संगणकाला घालून दिले होते. शिवाय तिच्यात शब्द नव्हते. शब्द गाणारे यंत्र घडवण्यासाठी निराळी वाट धरावी लागली.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप होय. सीडीवर ध्वनी साठवताना एका सेकंदात ४४,१०० वेळा या कंपांचे मोजमाप केले जाते. या हिशेबाने चार मिनिटांच्या गाण्यासाठी निदान १ कोटी ५ लाख ८४ हजार आकडे लागतात. एवढे आकडे हाताळणे कठीण, म्हणून संगणक प्रथम त्यांचा संक्षेप करून मोजकी चिन्हे तयार करतो. मग तो लक्षावधी गाणी तपासतो. कोणत्या चिन्हामागून बहुधा कोणते चिन्ह येते आणि कोणत्या शब्दांबरोबर कसा ध्वनी ऐकू येतो, हे तो त्यांवरून शिकतो. नवे शब्द मिळाले, की या शिकवणीच्या आधारे तो एकापुढे एक चिन्ह मांडत जातो आणि शेवटी त्या चिन्हांचा पुन्हा ध्वनी करतो.

२०२० साली अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने ‘ज्यूकबॉक्स’ नावाची अशी एक प्रणाली प्रसिद्ध केली. तिला १२ लक्ष गाणी ऐकवण्यात आली होती. एका मिनिटाचे गाणे तयार करण्यास तिला सुमारे ९ तास लागत. तिच्यात आणखी एक उणीव होती. गाणे क्षणाक्षणाला बरे वाटे. परंतु अंतरा संपल्यावर ध्रुवपदाकडे परत यावे, हे तिला साधत नसे. पुढील यंत्रांनी ही उणीव बरीच भरून काढली. ‘सुनो’ आणि २०२४ साली सुरू झालेली ‘युडिओ’ या सेवा ध्रुवपद व अंतरे असलेले गाणे अल्पावधीत तयार करतात.

तरीही एक गोष्ट यंत्राला आपण होऊन कळत नाही. समजा, एखाद्या मुलाने आपल्या गीतात अशी ओळ लिहिली:

रिकामी गाडी अंगणी आली

सगळा कांदा चांगल्या भावाने विकून बाप बाजारातून परतला असेल, तर ही रिकामी गाडी आनंदाची आहे. अवकाळी पावसाने पीक वाहून गेले असेल, तर तीच गाडी दुःखाची आहे. शब्द एकच, पण चाली दोन. यंत्राला ‘ढोलकीची उडती चाल दे’ म्हटले, तर ते तशी देईल. ‘बासरीची संथ चाल दे’ म्हटले, तर तशीही देईल. त्या दिवशी अंगणात काय घडले, हे ज्याने ओळ लिहिली त्यालाच ठाऊक असते. म्हणून चाल मागण्यापूर्वी आपल्या शब्दांतील भाव त्याने स्वतः नीट ओळखला पाहिजे.

यंत्राने दिलेले गाणे कान देऊन तपासावेही लागते. चालीच्या ओघात ‘रिकामी’ या शब्दाचे ‘रिका’ आणि ‘मी’ असे तुकडे पडले, तर अर्थ बिघडतो. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ या वाक्यांत ‘जग’ हा शब्द लिहिण्यात सारखा, पण उच्चारात निराळा आहे. यंत्र येथे चुकू शकते. अशा वेळी ओळ बदलावी, मात्रा मोजून शब्द कमीअधिक करावेत आणि पुन्हा चाल मागावी.

यात न्यायाचाही एक प्रश्न आहे. यंत्र ज्या गाण्यांवरून शिकले, ती कोणीतरी कष्टाने रचलेली व गायलेली होती. आपली गाणी अनुमतीवाचून वापरली, असा आरोप ठेवून मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत ‘सुनो’ व ‘युडिओ’ यांच्यावर खटले भरले. त्यांपैकी काहींमध्ये २०२५ साली समझोते झाले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने असे मत दिले, की माणसाने निर्मिलेला भाग त्याच्या हक्काचा राहतो. परंतु केवळ यंत्राने निर्मिलेल्या भागाला तो हक्क मिळत नाही.

यावरून या यंत्राचा उपयोग कसा करावा, हे उघड होते. शब्द आपले असावेत. चाल यंत्राची असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. ऐकवलेली पहिलीच चाल गोड लागली, म्हणून ती लगेच स्वीकारू नये. ती आपल्या शब्दांचा अर्थ सांगते की नाही, हे पुनःपुन्हा ऐकून पाहावे आणि सांगत नसेल, तर ती कितीही गोड असली तरी बाजूला ठेवावी.